सीताफळाचा पाला : गुण आहे, पण माप कुठे आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कपाशीचा खर्च आणि ज्वारीचा भाव हे विषय सोडून आज पाल्यावर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण फवारणीचा खर्च काढायला बसलो की कोणीतरी म्हणते, "कशाला औषध विकत आणता, पाला उकळून मारा." घरात आजारपण आले की कोणीतरी म्हणते, "कशाला दवाखाना, पाल्याचा काढा द्या." म्हणजे पाला आपल्या शेतातही आहे आणि घरातही आहे. त्याचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

मी आज एकच झाड घेतो. सीताफळ. हे झाड कोरडवाहू माणसाचे झाड आहे. बांधावर येते, मुरमाड माळावर येते, त्याला कोणी पाणी देत नाही. कुंपण घालावे लागत नाही, कारण बाभळीचे काटे चावून खाणारी शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. या पाल्याची पहिली तपासणी कोणी केली असेल, तर ती शेळीने केली. तिने निकालही देऊन टाकला : याच्यात काहीतरी आहे.

झाड मूळचे आपले नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले, आणि पोर्तुगीजांच्या काळात इकडे पसरले असे साधारणपणे मानले जाते. पण बालाघाटाच्या डोंगरात ते असे रुजले की २०१६ साली 'बीड सीताफळ' म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. फळाला बाजार आहे, टोपलीचा भाव आहे. पाल्याला बाजार नाही, पण पाल्याबद्दल बोलणारे फार आहेत. उवा मारतो म्हणतात, जनावराच्या जखमेतले किडे मारतो म्हणतात, गळू बसवतो, साखर उतरवतो, कपाशीवरची कीड घालवतो म्हणतात. आता तर कॅन्सरही बरा करतो म्हणून सांगणारे निघाले आहेत.

यातले खरे किती आणि वाढवलेले किती, हे आज पाहू. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पाल्यात गुण आहे, हे खरे आहे. पण माप नसलेला गुण म्हणजे काट्याशिवाय विकलेला कापूस. व्यापारी नजरेने अंदाज करून "दोन क्विंटल असेल" म्हणाला तर आपण गाडी खाली करत नाही. मग पाल्याच्या बाबतीत अंदाजावर का चालायचे?

पाल्यात आहे तरी काय?

रसायनशास्त्राच्या लोकांनी सीताफळाचे पान, साल, बी सगळे सोडवून पाहिले आहे. त्यातून मुख्यतः चार जातींचे पदार्थ निघाले.

पहिली जात अल्कलॉइडची. तंबाखूतले निकोटीन, चहातले कॅफीन, अफूतले मॉर्फीन ही याच जातीची भावंडे. सीताफळाच्या पानात ॲनोनाइन, रोमेरीन, लिरिओडेनीन अशी बरीच अल्कलॉइड सापडली आहेत. त्यातले लिरिओडेनीन हे बुरशी आणि काही जिवाणूंवर चालते, असे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. आणखी एक आहे, हिजेनामीन. ते हृदयाचे ठोके वाढवते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१७ साली खेळाडूंना बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत त्याचे नाव घातले. रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू असलेल्या माणसाने "साधा पाल्याचा काढा आहे" म्हणून तो पेलाभर घेताना एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी जात फ्लेवोनॉइडची. क्वेर्सेटिन, रुटिन ही नावे. ही कांद्यातही असतात, पेरूच्या पानातही असतात, अनेक झाडांत असतात. जंतूंवर यांचा परिणाम असतो, पण सौम्य.

तिसरी जात सुगंधी तेलांची. पान चुरगाळले की उग्र वास येतो तो यांचा. ही उडून जाणारी तेले आहेत. पाला उघड्या पातेल्यात तासभर रटरट उकळला की यातले बरेचसे वाफेबरोबर निघून जाते.

चौथी जात महत्त्वाची. तिचे नाव ॲसिटोजेनिन. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ या कुळाची ही खासियत आहे. मेणासारखा लांबलचक रेणू, पस्तीस-सदतीस कार्बनचा. या जातीतला पहिला पदार्थ १९८२ साली याच कुळातल्या एका आफ्रिकी झाडातून वेगळा काढला गेला. त्यानंतर असे शेकडो पदार्थ मिळाले. सीताफळाच्या बियांतल्या एकाचे नाव स्क्वामोसिन. बियांत यांचे प्रमाण जास्त, पानात कमी. पण पानातही ते असतात.

पेशीतली चूल

ॲसिटोजेनिन काय करते, ते समजून घेतले की पाल्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

प्रत्येक जिवंत पेशीत एक चूल असते. आपण खाल्लेले अन्न तिथे जळते आणि त्यातून पेशीला चालायला ताकद मिळते. शाळेच्या पुस्तकात तिला तंतुकणिका म्हणतात. या चुलीला सरपण सारणारा जो पहिला हात आहे, तो हात ॲसिटोजेनिन धरून ठेवते. सरपण बाहेर पडून राहते, चूल विझते, पेशी मरते. किडीच्या पेशीत हे झाले की अळी खाणे बंद करते, सुस्त होते, मरते. जनावराच्या जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामागे हे कारण आहे. रस थेट किड्यावर पडतो, पुरेपूर तीव्रतेने पडतो.

पण भावांनो, ती चूल फक्त अळीच्या पोटात नसते. बैलाच्या, माणसाच्या, माशाच्या, मधमाशीच्या पेशीतही तीच चूल आहे आणि सरपण सारणारा हातही तोच आहे. म्हणून या बियांची पूड मासे मारायलाही वापरली जाते. म्हणून उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावताना ती डोळ्यांत गेली आणि बुबुळाला इजा झाली, अशा रुग्णांच्या नोंदी आपल्या देशातल्या नेत्रवैद्यांनी केलेल्या आहेत. मायबहिणींना माझे हात जोडून सांगणे आहे, लेकीच्या डोक्याला ही पूड लावू नका. उवा मारायला दुसरे उपाय आहेत. डोळे दोनच आहेत.

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचे बेट आहे. तिथल्या लोकांत कंपवातासारख्या एका विचित्र आजाराचे प्रमाण जास्त दिसले. १९९९ साली डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की या रुग्णांत लक्ष्मणफळ खाणारे आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने पिणारे बरेच आहेत. पुढे उंदरांना त्यातले ॲनोनासिन हे ॲसिटोजेनिन सतत दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या. माणसातले कारण तेवढेच आहे, हे पक्के सिद्ध झालेले नाही. याचा अर्थ हंगामात चार सीताफळे खाऊ नयेत असा कोणी काढू नये. पण वर्षानुवर्षे रोज काढा पिणे ही वेगळी गोष्ट आहे.

"झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार" हे वाक्य आपण सोडून दिले पाहिजे. तंबाखू झाडपालाच आहे. त्याच्यातल्या निकोटीन सल्फेटची फवारणी एके काळी चालायची. ते इतके जहाल निघाले की आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आली.

बशीतले वर्तुळ

आता जंतूंकडे येऊ. "सीताफळाचा पाला जंतुनाशक आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले" असे छापून येते. शास्त्रज्ञ नेमके काय करतात?

काचेच्या बशीत समुद्री शेवाळापासून काढलेल्या आगरची जेली ओततात. तिच्यावर एका जातीचे जिवाणू सारवतात. मग पाल्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची छोटी चकती मधोमध ठेवतात. रात्रभर बशी शरीराइतक्या उबेत ठेवतात. सकाळी बशीभर जिवाणूंची साय धरलेली असते. चकतीच्या भोवती जर स्वच्छ वर्तुळ राहिले, तर अर्काने जिवाणू वाढू दिले नाहीत. ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी दोन चकत्या आणखी असतात. एकीत नुसते अल्कोहोल, ज्यात अर्क काढला ते. दुसरीत ओळखीचे प्रतिजैविक औषध. नुसत्या अल्कोहोलनेच वर्तुळ पडले, तर पाल्याचे श्रेय कसले? आणि औषधाचे वर्तुळ केवढे पडले, त्यावरून पाल्याची पायरी कळते.

सीताफळाच्या पानांच्या अर्काने अशी वर्तुळे पडतात, हे खरे आहे. त्यात एक गोष्ट झाडपाल्याच्या बहुतेक अर्कांत दिसते. गळवात, पुवात सापडणारा जो स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू, त्याच्यासारख्या जंतूंवर अर्क बऱ्यापैकी चालतो. पण हगवणीतला ई कोलाय आणि त्याचे भाऊबंद अर्काला सहसा दाद देत नाहीत. कारण त्यांच्या अंगावर एक पांघरूण जास्त असते. ते पांघरूण बाहेरचा पदार्थ आत शिरू देत नाही. तेव्हा नुसते "जंतुनाशक" म्हणणे पुरे नाही. कुठल्या जंतूचे नाशक, हे विचारले पाहिजे. "कीटकनाशक द्या" म्हटल्यावर कृषी केंद्रवाला जे हाती देईल ते आपण मावा आणि बोंडअळी दोन्हींवर मारत बसलो तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

अंगात किती लागेल, याचा हिशेब

वर्तुळापेक्षा जास्त उपयोगाचा आकडा दुसरा असतो. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो, तो आकडा. झाडपाल्याचा अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत चालला तर त्याची दखल घ्यावी, असा संशोधकांत एक रूढ संकेत आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बरेचसे अर्क याच्या पुष्कळ वर, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास काम करतात. पेनिसिलिनला मात्र, त्याला बधणाऱ्या जंतूवर, १ मायक्रोग्रॅमही लागत नाही. म्हणजे हजारपट फरक.

हा फरक शरीरात काय होतो, ते हिशेब करून पाहू. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३५ लिटर पाणी असते. सगळीकडे ती तीव्रता यायची तर ३५ ग्रॅम कोरडा अर्क अंगात भिनला पाहिजे. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर साडेतीनशे ग्रॅम वाळला पाला लागेल. ओल्याचे वजन याहून कितीतरी जास्त. तोही एका वेळी, आणि पोटातून सगळाच्या सगळा रक्तात गेला, यकृताने काही मोडला नाही, असे धरून. एवढा पाला अंगात गेला तर जंतूच्या आधी माणसाचे काय होईल, ते आताच चुलीच्या गोष्टीत सांगितले.

म्हणून बशीतला गुण आणि अंगातला गुण एक नाही. वरून लावायचे असेल, जखम छोटी असेल, तर तीव्रता साधता येते. पोटातून घ्यायचे म्हटले की हिशेब बदलतो. कॅन्सरचेही तसेच. बशीत ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी ॲसिटोजेनिनने मरतात, कारण त्यांचीही चूल विझते. पण पाल्याच्या काढ्याने माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. घरातल्या माणसाचे उपचार थांबवून त्याला काढ्यावर ठेवायला सांगणारा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कशात उतरवला?

प्रयोगशाळेतला अर्क आणि आपल्या पातेल्यातला काढा यात आणखी एक अंतर आहे. ॲसिटोजेनिन मेणचट. मेण पाण्यात विरघळत नाही, तसे तेही पाण्यात फारसे उतरत नाही. अल्कोहोलात उतरते. म्हणून प्रयोगशाळेत बहुधा मिथेनॉल नाहीतर इथेनॉल वापरतात. आपण पाण्यात उकळतो आणि प्रयोगशाळेचा निकाल आपल्या पातेल्याला लावतो. हे चुकीचे आहे. आणि कोणी घरी मिथेनॉल आणून प्रयोग करायला जाऊ नका. विषारी दारूने माणसे आंधळी होतात, मरतात, ती याच मिथेनॉलने.

कशात उतरवला आणि कसा उतरवला यावर सगळा खेळ कसा पालटतो, याचे मोठे उदाहरण चीनमधले आहे. तिथे हिवतापावर एका झुडपाचा पाला वापरण्याचा उल्लेख जुन्या वैद्यकग्रंथात होता. पण पाल्याच्या अर्काचे परिणाम कधी दिसत, कधी दिसत नसत. थू योयो नावाच्या संशोधक बाईंनी जुना ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात पाला उकळायचा नव्हता, थंड पाण्यात भिजवून पिळायचा होता. त्यांच्या ध्यानात आले की उष्णतेने गुण मरत असावा. त्यांनी १९७१ साली कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापाचे औषध आले. लाखो जीव वाचले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. पाला हजारो वर्षे होताच. पण कशात, किती ऊष्णतेला, किती मात्रेत, हे ठरले तेव्हा त्याचे औषध झाले.

घरचे उदाहरण हवे असेल तर निंबोळीचे घ्या. कडुनिंबाचे पान कडू आहे, पण किडीवर चालणारे ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या गरात असते. म्हणून शिफारस पाल्याची नाही, निंबोळी अर्काची आहे, आणि ती मापासकट आहे : ५ टक्के, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर १०० लिटर पाण्याला. दुकानातल्या बाटलीवरही ॲझाडिरॅक्टिन ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे लिहिलेले असते. सीताफळाच्या पाल्याला आज असे माप नाही. दशपर्णी अर्कात तो कडुनिंब, करंज, एरंड, निरगुडी, रुई, कण्हेर यांच्या जोडीला पडतो, महिनाभर ड्रममध्ये कुजतो. त्यातून फवारणीच्या दिवशी कशाचे किती उरले, कोणालाच सांगता येत नाही. एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही. पाला कोवळा की जून, झाड माळावरचे की मळ्यातले, यानेही पानातले प्रमाण बदलते.

मग पाला टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. आणि दुसऱ्या बाजूला, बाटलीत मिळते ते सगळे मोजलेले म्हणून निर्धोक, असेही माझे म्हणणे नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. ते विष मोजलेलेच होते. पण कुठले विष कशात मिसळावे, उंच कपाशीत कसे फवारावे, अंगावर काय घालावे, याचे माप पाळले गेले नाही. अशा ठिकाणी स्वस्तात, बांधावर मिळणारे आणि कमी धोक्याचे काही असेल तर ते आपल्याला हवेच आहे. ते "असेल तर" मोजून घ्यायचे आहे, एवढेच.

मोजायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. दोन परीक्षा आपल्या हातच्या आहेत.

पहिली ज्वारीची. गोणपाटातली उगवण चाचणी आपण करतोच. एकाच पोत्यातले ४०० दाणे घ्या, शंभराचे चार वाटे करा. एक तसाच ठेवा. दुसरा साध्या पाण्यात भिजवा. तिसरा पाल्याच्या पाण्यात तेवढाच वेळ भिजवा. लिटरला १०० ग्रॅम ओला पाला, ठेचून, रात्रभर. चौथ्याला ३०० मेश गंधक चोळा, काणीसाठी शिफारस आहे त्या किलोला ४ ग्रॅम या मापाने. सावलीत सुकवून चार ओल्या गोणपाटांत गुंडाळा. चौथ्या आणि दहाव्या दिवशी उघडून मोजा : उगवले किती, बुरशी धरली किती. पाल्याच्या पाण्याने बुरशी घटली पण उगवणही घटली, तर तो सौदा तोट्याचा. काणीचा निकाल गोणपाटात कळणार नाही. त्यासाठी तेच बियाणे वेगळ्या तासांत पेरून कणसे निसवल्यावर काणीची कणसे मोजावी लागतील.

दुसरी कपाशीची. मावा, तुडतुडे दिसू लागले की एकसारख्या कपाशीत चार पट्टे आखा. एकावर नुसते पाणी, एकावर साबणाचे पाणी, एकावर सीताफळाचा अर्क त्याच साबणासह, एकावर ५ टक्के निंबोळी अर्क, त्यातही तेवढाच साबण. साबणाचा वेगळा पट्टा कशाला? नुसत्या साबणानेही मावा मरतो. ते श्रेय पाल्याच्या नावावर जाऊ नये. कुठला पट्टा कशाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. फवारणीआधी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातल्या वीस झाडांची वरचे, मधले, खालचे अशी तीन-तीन पाने पाहा. मोजणाऱ्याला कुठल्या पट्ट्यात काय मारले ते सांगू नका. माणूस स्वतःच्या कष्टाला गुण देतो, तो आपला स्वभाव आहे. ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या हे मित्रकीटकही मोजा. ते मेले तर पुढे मावा दुप्पट येतो. शेवटी पट्ट्यापट्ट्याचा कापूस वेगळा वेचून काट्यावर घाला. गुलाबी बोंडअळीवर मात्र हा प्रयोग करून वेळ घालवू नका. ती बोंडाच्या आत बसते. वरून पडणारा पाल्याचा रस तिच्यापर्यंत पोचत नाही.

पाला ठेचताना हातमोजे, फवारताना चष्मा आणि तोंडाला फडके, हे विकतच्या औषधाइतकेच पाळा. स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. उरलेला अर्क विहिरीत, ओढ्यात ओतू नका.

लिहून ठेवा

एका शेतात एकदा झाले म्हणजे सिद्ध झाले नाही. पण एका तालुक्यातल्या दहा शेतांनी एकच रीत पाळून दोन खरीप आकडे लिहिले, तर त्या वहीला वजन येते. लिहिलेल्याची किंमत आपण पाहिली आहे. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापराचे युरोपातले पेटंट १९९४ साली अमेरिकेतली एक कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना मिळाले होते. भारतात हा वापर आधीपासून होता याचा पुरावा पुढे आल्यावर ते २००० साली रद्द झाले, आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकेतले पेटंट १९९७ साली असेच पडले. तिथे आपले जुने छापील दाखले कामी आले. "आमच्या आजीला ठाऊक होते" एवढ्याने खटला जिंकता येत नाही. दाखला लागतो.

कृषी विद्यापीठांकडे आपली मागणीही नेमकी असावी. "सेंद्रियाला प्रोत्साहन द्या" असे मोघम नको. सीताफळाच्या पाल्यात कोणत्या महिन्यात कुठला पदार्थ किती, पाण्यात त्यातले किती उतरते, किती दिवस टिकते, फवारणाऱ्याला आणि मित्रकीटकाला किती धोका, एवढी चार उत्तरे द्या. शेळीने दिलेल्या निकालाच्या पुढे तुम्ही किती गेलात, ते सांगा.

आणि आपल्यासाठी तीन प्रश्न. कोणीही पाल्याचा, मुळीचा, बाटलीचा गुण सांगायला आला की विचारायचे : कशात उतरवला? किती मात्रेत? आणि कशाशी ताडून पाहिला? तिन्हींची उत्तरे आली तर त्याला बसायला पाट द्या. नाही आली, तर पाणी पाजून वाटेला लावा.

या खरिपात ज्यांना पट्टे आखायचे आहेत, त्यांनी बैठक संपल्यावर तालुकावार नावे द्यावीत. मोजणीचा तक्ता एकसारखा करून देतो. पुढच्या जिल्हा बैठकीला पाल्यावर भाषण नको. तुमच्या वह्या घेऊन या, आकडे फळ्यावर मांडू, आणि मग ठरवू. एवढे बोलून मी थांबतो.